एम.एड. करू की एम.ए. एज्युकेशन? नोकरी सुटायला नको (इंदूर)

मेघना_सुदामानगर

नमस्कार मंडळी. इंदूरला राहते, एका प्रायव्हेट सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. बी.एस्सी. पीसीएम केलंय, ५१ टक्के, मग दोन वर्षांचं रेग्युलर बी.एड., त्यात ६८ टक्के आले. एम.एस्सी. करायचं होतं पण मधे लग्न झालं आणि ते राहूनच गेलं. आता मुलगी पहिलीत गेलीय, सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की तुला शिकायचं असेल तर शिक, घरचं मी बघते, तर म्हटलं त्यांचा विचार बदलायच्या आत काहीतरी ठरवून टाकावं.

तर घोळ असा आहे की शाळेतल्या व्हाइस प्रिन्सिपल मॅडम म्हणतात एम.एड. कर, बी.एड. कॉलेजात लागशील, शाळेची ही मरमर सुटेल. नणंद पुण्याला असते, ती म्हणते कशाला दोन वर्षं रोज कॉलेजला जातेस, इग्नूतून एम.ए. एज्युकेशन कर घरबसल्या, दोन्ही एकच आहे. आणि मी एका ठिकाणी नुसती चौकशी केली तर तेव्हापासून एक भाऊ रोज फोन करून राहिलेत की मॅडम तुम्ही फक्त फीस भरा आणि परीक्षेला या, अटेंडन्सचं आम्ही बघून घेऊ. ऐकायला बरं वाटतं पण पोटात गोळा पण येतो.

मला विचारायचंय की एम.एड. ला ॲडमिशनसाठी नक्की काय लागतं, बी.एस्सी.चे ५१ टक्के आडवे येतील का, नोकरी करत खरंच होतं का, झालं नाही दोन वर्षांत तर किती वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे केल्यावर ते बी.एड. कॉलेजचं दार उघडतं का. आणि कधी पुढेमागे पीएच.डी. करावीशी वाटली तर यातलं कुठलं चालतं. जमेल तसं सांगा, हिंदीत माहिती खूप मिळाली पण सगळे व्हिडिओवाले शेवटी आपल्याच कोचिंगचा नंबर देतात.

शिकंजी_प्रेमी

ताई एवढा विचार कशाला, एम.एड. चा फॉर्म भरून टाका. एमपीत एन्ट्रन्स वगैरे काही नाही, उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवर रजिस्ट्रेशन करायचं, कॉलेजांची चॉइस भरायची, कागदांचं सत्यापन झालं की पात्रता परीक्षेच्या, म्हणजे बी.एड. च्या, मार्कांवर मेरिट लागते. बी.एड. ला ५० टक्के पाहिजेत, तुमचे ६८ आहेत, सीट घरी चालत येईल. पहिल्या राउंडमध्ये मनाचं कॉलेज नाही मिळालं तर पुढचे राउंड असतात, आणि शेवटी सीएलसी, म्हणजे कॉलेजातच होणारी काउन्सेलिंग, असतेच. फक्त समग्र आयडी (एमपीच्या रहिवाशांचा सरकारी नंबर), मूल निवासी दाखला, आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून आला असाल तर माइग्रेशन हे आधीच फाइलला लावून ठेवा, नाहीतर जूनमध्ये एमपी ऑनलाइनच्या दुकानात जी गर्दी असते ती बघून माणूस शिक्षण सोडून देतो.

फळा_खडू

मी एका बी.एड. कॉलेजात आहे, म्हणून जरा लांब लिहितो, मेघनाताई वाचा पूर्ण, कारण वर शिकंजीभाऊंनी आत जायचं दार बरोबर दाखवलंय पण ताईंना निघायचंय दुसऱ्याच दारातून.

ॲडमिशनचं म्हणाल तर बरोबरच आहे. एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था, तिच्या २०१४ च्या नियमांत एम.एड. साठी बी.एड. ला ५० टक्के पाहिजेत, किंवा बी.ए.बी.एड., बी.एस्सी.बी.एड., बी.एल.एड. सारखा इंटिग्रेटेड कोर्स ५० टक्क्यांनी, किंवा मग डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि पदवी, दोन्हीत ५०-५०. आरक्षित वर्गाला राज्याच्या नियमाप्रमाणे सूट. तुम्ही बी.एड. वाल्या, म्हणजे बी.एस्सी.चे ५१ कुठे आडवे येत नाहीत.

आता नोकरी. बी.एड. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर त्याच २०१४ च्या नियमांत, बी.एड. कोर्सच्या परिशिष्टात, स्टाफची पात्रता दिलीय, ती लोक ॲडमिशन घ्यायच्या आधी कधी वाचत नाहीत, कोर्स संपल्यावर वाचतात. गणिताची पेडॅगॉजी, म्हणजे गणित कसं शिकवायचं ते, शिकवायची असेल तर गणितात पोस्ट ग्रॅज्युएशन ५५ टक्क्यांनी पाहिजे आणि वर एम.एड. पण ५५ टक्क्यांनी पाहिजे. दोन्ही. नुसत्या बी.एस्सी.वर एम.एड. केलं तर एम.एड. होईल, फोटो निघेल, पण त्या पोस्टला फॉर्म भरता येणार नाही. आमच्याकडे इंटरव्ह्यूला दरवर्षी असे दोन-चार येतातच, एम.एड. ला पंच्याहत्तर टक्के आणि विषयात मास्टर्स नाही, आणि त्यांना हे त्या टेबलावर बसल्यावर कळतं. वाईट वाटतं हो.

दुसरी जागा असते पर्स्पेक्टिव्ह किंवा फाउंडेशनची, म्हणजे शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र शिकवणारे. तिथे दोन रस्ते आहेत. एक, सोशल सायन्समध्ये पीजी ५५ टक्के आणि एम.एड. ५५ टक्के. दुसरा, एम.ए. एज्युकेशन ५५ टक्के आणि बी.एड. ५५ टक्के. म्हणजे तुमची नणंद अगदीच हवेत बोलत नाहीये! तुमचं बी.एड. ६८ टक्क्यांचं आहे, एम.ए. एज्युकेशन ५५ च्या वर नेलंत तर कागदावर तुम्ही फाउंडेशनच्या जागेला पात्र, आणि एम.एड. केलंत पण सोशल सायन्सचं पीजी नाही तर अपात्र. उलटं वाटतं ना? पण असंच आहे. फक्त "दोन्ही एकच" हे तिचं चूक आहे. एम.ए. एज्युकेशन हा विद्यापीठाचा ॲकॅडमिक कोर्स आहे, त्याला बी.एड. पण लागत नाही, कुठलाही ग्रॅज्युएट करू शकतो. एम.एड. हा प्रोफेशनल कोर्स, एनसीटीईच्या मान्यतेशिवाय चालूच शकत नाही. जिथे जाहिरातीत सरळ "एम.एड." लिहिलंय तिथे एम.ए. दाखवून भांडता येत नाही.

आणि या सगळ्याच्या वर यूजीसीची अट, नेट किंवा स्लेट (कॉलेजात शिकवायच्या पात्रतेची देशाची आणि राज्याची परीक्षा) पास, नाहीतर पीएच.डी. नेटमध्ये एज्युकेशन हा वेगळा विषय आहेच, एम.एड. वाले आणि एम.ए. एज्युकेशन वाले दोघंही बसतात, मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत, ओबीसी नॉन क्रीमी लेयर, एससी, एसटी, दिव्यांग यांना ५०.

मी तुमच्या जागी असतो तर आधी गणितात मास्टर्स केलं असतं. त्याचा एक जास्तीचा फायदा असा की एमपीत वर्ग १ म्हणजे उच्च माध्यमिक शिक्षकाला विषयात पीजी अधिक बी.एड. लागतं, एम.एड. तिथे कोणी विचारतच नाही. तुमच्याकडे बी.एड. आहेच. शाळेतच राहून चांगला पगार हवा असेल तर एम.एड. पेक्षा एम.एस्सी. जास्त कामाचं, हे आमच्या कॉलेजचे लोक तुम्हाला सांगणार नाहीत, आम्हाला सीटा भरायच्या असतात.

मेघना_सुदामानगर

बाप रे. हे व्हाइस प्रिन्सिपल मॅडमना पण माहीत नसणार. सर खूप आभार. म्हणजे गणिताचं मास्टर्स नसेल तर एम.एड. चा मला उपयोग अर्धाच. पण मग एक विचारते, दोन्ही एकदम होतात का, म्हणजे एम.एड. रेग्युलर आणि एम.एस्सी. कुठूनतरी दूरस्थ? आणि ते फोनवाले भाऊ म्हणतात तसं नॉन-अटेंडिंग खरंच चालतं का, की नंतर अंगाशी येतं?

डिसर्टेशन_झालं_एकदाचं

मेघना, मी इंदूरलाच एम.एड. केलंय, नोकरी सोडून केलंय, म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते.

नियम बघ. एम.एड. ला वर्षाला कमीत कमी २०० कामाचे दिवस, ॲडमिशनचे दिवस सोडून. आठवड्याला ३६ तास. तासिका आणि प्रॅक्टिकमला ८० टक्के हजेरी आणि फील्ड अटॅचमेंटला (बाहेरच्या संस्थेत जाऊन करायचं काम) ९० टक्के. ८० टक्के म्हणजे वर्षाला १६० दिवस तू तिथे बसलेली पाहिजेस, आणि ३६ तास म्हणजे सोमवार ते शनिवार रोज सहा तास. तुझी शाळा कितीला सुटते? बस आता तूच हिशोब कर. शाळा सांभाळून एम.एड. केलं असं जो सांगतो त्याने यातलं एक काहीतरी केलेलं नसतं.

नॉन-अटेंडिंगवाल्यांचं असं आहे की ते बहुतेक वेळा निभून जातं, खोटं कशाला सांगू. पण ज्या दिवशी तू शाळेत वर्गात होतीस त्याच दिवशी कॉलेजच्या रजिस्टरवर पण हजर आहेस, आणि शाळेच्या अनुभवाचं सर्टिफिकेट पण तुला पुढच्या नोकरीला लावायचंय. एकाच तारखेचे दोन कागद, दोन्ही तुझ्या नावाचे, दोन्ही एकाच फाइलमध्ये. सरकारी भरतीच्या सत्यापनाला बसलेल्या माणसाला फार डोकं लावावं लागत नाही. माझ्या ओळखीत एकीला अनुभवाचे मार्क सोडून द्यावे लागले ह्याच कारणानं, आणि ती सुटली त्यातच धन्यता. त्या भाऊंचा नंबर ब्लॉक कर.

वेळ किती मिळतो विचारलंस, तर कोर्स दोन वर्षांचा, ॲडमिशनच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत संपवायचा. म्हणजे एकच वर्ष हातात जास्तीचं. एटीकेटी लागली, मूल आजारी पडलं, काहीही झालं तरी ते एकच वर्ष.

आता जिथे सगळे अडकतात ते. एनसीटीईच्या आराखड्यात एम.एड. ८० क्रेडिटचं आहे, त्यात फील्ड अटॅचमेंटचे ८ आणि डिसर्टेशनचे ८. नुसते आकडे बघून वाटतं आठ म्हणजे काहीच नाही, दहावा हिस्सा. पण पेपर तू सात दिवसांत रट्टा मारून काढशील, डिसर्टेशन नाही निघत तसं. सिनॉप्सिस, मग गाइड म्हणणार विषय फार मोठा आहे, छोटा कर, मग टूल (प्रश्नावली किंवा चाचणी) बनवा, ते दोन-तीन तज्ज्ञांना दाखवून तपासून घ्या, मग शाळांच्या परवानग्या, मग डेटा, मग टी-टेस्ट लावायची की काय-स्क्वेअर ह्यावर रडारड, मग लिहिणं, मग व्हायवा.

त्यातल्या शाळांच्या परवानग्या ह्या गोष्टीला लोक कमी लेखतात. एमपी बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चला, त्याआधी जानेवारीत प्रीबोर्ड आणि प्रॅक्टिकल, डिसेंबरमध्ये वार्षिकोत्सव, ऑक्टोबर-नोव्हेंबर दसरा-दिवाळी, आणि सरकारी शाळेत गेलीस तर निवडणुकीची नाहीतर सर्व्हेची ड्यूटी लागलेली, सर जागेवर नाहीत. खरं म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबर एवढीच काय ती खिडकी. आमच्या बॅचमध्ये ज्यांनी सुटीतच टूल तयार ठेवलं होतं त्यांचं वेळेवर झालं, बाकीचे (मीसुद्धा) मार्चमध्ये प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बेंचवर बसून होतो. तुला हा फायदा आहे की तू शाळेतलीच आहेस, आजूबाजूच्या चार शाळांत तुझ्या ओळखी असणार, त्या आत्तापासून जप.

विषय पण आपल्या आवाक्यातला घे. तू गणितवाली आहेस, मराठी घरची आहेस, इंदूरमध्ये कितीतरी पोरं घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी तिहेरी राहतात, त्यांना शाब्दिक उदाहरणं कुठे अडतात, आकडेमोडीत की वाक्य समजण्यात, हे बघ. सॅम्पल तुझ्या ओळखीच्या शाळांत मिळेल आणि व्हायवाला बोलताना घाम पण फुटणार नाही. नाहीतर मग आहेच, "माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास", मुलगे-मुली, शहरी-ग्रामीण, निष्कर्ष सार्थक अंतर नाही. लायब्ररीत कपाटं भरलीत त्यांनी.

आणि कॉपी पेस्ट करू नकोस. यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या पुढे ४० पर्यंत परत लिहून आणायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सबमिट करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं की रजिस्ट्रेशनच रद्द. सॉफ्टवेअर हिंदी पकडत नाही म्हणून लोक निवांत असतात, पण व्हायवाला बसलेले बाहेरचे सर पकडतात, त्यांनी तेच दहा वेळा वाचलेलं असतं.

फळा_खडू

दोन्ही एकदम होण्याचं मी सांगतो. यूजीसीने २०२२ च्या एप्रिलमध्ये परवानगी दिली, एक रेग्युलर आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतं, दोन्ही रेग्युलर पण चालतात पण वेळा एकमेकांवर यायला नकोत. पीएच.डी. ला हे लागू नाही. म्हणजे कागदावर रेग्युलर एम.एड. अधिक दूरस्थ मास्टर्स होतं. पण ॲडमिशनच्या आधी विद्यापीठाला लेखी विचारून उत्तर फाइलला लावून ठेवा, बाबू लोक तोंडी "हो हो चलता है" म्हणतात आणि डिग्री काढायच्या वेळी तोच बाबू बदलून गेलेला असतो. उलट जोडी नाही जमणार, म्हणजे दूरस्थ एम.एड. हा प्रकारच २०१४ च्या यादीत नाही. त्या यादीत पंधरा कोर्स आहेत, ओडीएलमध्ये, म्हणजे दूरस्थमध्ये, फक्त डी.एल.एड. आणि बी.एड. कोणी दूरस्थ एम.एड. विकत असेल तर वळून पण बघू नका.

बडोद्याची_मृणाल

मूळची इंदूरची, रामबागेतली, आता लग्नानंतर बडोद्याला. इथे एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फॅकल्टीत येणं-जाणं असतं आणि पीएच.डी. चालू आहे, तर त्या भागावर लिहिते, बाकी वरच्या दोघांनी छान सांगितलंच आहे.

आधी एक सुखाची बातमी. पीएच.डी. ला एम.एड. आणि एम.ए. एज्युकेशन दोन्ही चालतात, मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत, आरक्षित वर्गाला ५ टक्के सूट. एम.फिल. आता विसरून जा, २०२२ च्या नियमांनी ते बंदच केलं. आणि ताई, तुमच्यासारख्या नोकरीवाल्यांना सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच २०२२ च्या नियमांत पार्ट-टाइम पीएच.डी. ला परवानगी आहे, शाळेकडून किंवा जिथे नोकरी आहे तिथून एनओसी लागते, की ह्यांना अभ्यासाला वेळ देऊ, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी ड्यूटीतून मोकळं करू. गंमत बघा, एम.एड. ला नोकरी सोडावी लागते आणि डॉक्टरेटला नाही.

घुसण्याचा रस्ता आता बदललाय. २०२४ च्या जूनपासून नेटच्या निकालात तीन कॅटेगरी असतात, पहिली जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) अधिक असिस्टंट प्रोफेसर अधिक पीएच.डी., दुसरी असिस्टंट प्रोफेसर अधिक पीएच.डी., तिसरी फक्त पीएच.डी. ॲडमिशन. दुसऱ्या-तिसऱ्या कॅटेगरीचा स्कोअर पीएच.डी. साठी एकच वर्ष चालतो, आणि मेरिटमध्ये नेटच्या मार्कांना ७०, इंटरव्ह्यूला ३०. म्हणून नेट पास झालात की झोपून जाऊ नका, त्याच वर्षी कुठे कोणत्या गाइडकडे जागा आहे ते बघा. गाइडची पण मर्यादा असते, प्रोफेसर आठ, असोसिएट सहा, असिस्टंट चार विद्यार्थी एका वेळी. चांगल्या गाइडची यादी कायम भरलेली. मी जिथे आधी अर्ज केला होता (नाव नको) तिथे जागा आहेत म्हणून जाहिरात होती आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी कळलं की माझ्या विषयाचे सर दोन महिन्यांत रिटायर होणार. तेव्हा आधी विचारून घ्या.

पूर्ण करण्याच्या अटी अशा की कमीत कमी तीन वर्षं, कोर्सवर्क धरून, जास्तीत जास्त सहा, मग री-रजिस्ट्रेशनने आणखी दोन. बायकांना आणि ४० टक्क्यांच्या वर दिव्यांग असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे दहापर्यंत जातं. बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांची रजा पूर्ण काळात. कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी आणि पब्लिकेशन एथिक्स येतंच, आणि त्यात ५५ टक्के आले नाहीत तर थीसिस देता येत नाही. दर सेमिस्टरला कमिटीपुढे उभं राहून काय काम केलं ते दाखवायचं. पेपर छापण्याची जी जुनी सक्ती होती ती नियमांतून गेली, तरी बऱ्याच ठिकाणी अजून मागतात, माहितीपत्रक वाचा.

इथल्या फॅकल्टीबद्दल एक सांगते कारण इंदूरचे लोक बडोद्याचा विचारच करत नाहीत, पुणे नाहीतर भोपाळ. सयाजीराव महाराजांच्या काळातलं इथलं ट्रेनिंग कॉलेज, १९४९ ला युनिव्हर्सिटी झाली तेव्हा त्याची फॅकल्टी झाली, आणि साठच्या दशकात केस म्हणजे सेंटर ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन. एम. बी. बुच सरांनी भारतभरातल्या शिक्षणातल्या संशोधनाचा पहिला सर्व्हे १९७४ ला इथूनच काढला. तुम्ही उद्या डिसर्टेशनचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायला बसाल तेव्हा गाइड पहिलं वाक्य हेच बोलणार, "बुच बघितलंत का?" ते जाडजूड खंड घेऊन बसायचं आणि मग शोधगंगा. शोधगंगेवर थीसिस फुकट आहेत, देशभरातले, ते इन्फ्लिबनेटचं गांधीनगरचं काम. शाळांबद्दल इंदूर-उज्जैनचे पण कितीतरी सापडतात. मेघनाताई, तुम्ही एम.एड. करा न करा, एक दिवस तिथे गणिताच्या शिक्षणावरचे चार थीसिस उघडून नुसती प्रकरणं बघा. वाचून कंटाळा आला तर ते पण उत्तरच आहे.

एक अडचण म्हणजे इथे शिकवणं इंग्रजीतून, आणि गुजरातच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांची ॲडमिशन आता जीकॅस पोर्टलवरून होते. इंदूरला हिंदीत डिसर्टेशन लिहिता येतं, ती सोय इथे मिळेल असं धरून येऊ नका.

निवृत्त_मास्तर

सगळं वाचलं. मुलांनो, तुम्ही लोक नियमांचे पक्के झालात पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. बेटा मेघना, तू शिकवतेस गणित. तुला खरंच मास्तर घडवण्यात रस आहे की फक्त शाळेतून सुटायचंय? कारण प्रायव्हेट बी.एड. कॉलेजात पगार तुझ्या आत्ताच्या शाळेपेक्षा जास्त असेलच असं समजू नकोस, अनेक ठिकाणी कमी असतो आणि कागदावर भलताच दिसतो. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचं, एम.एड. एक वर्षाचं, मी पगारी रजेवर जाऊन केलं, सरकारने पाठवलं होतं. २०१५ पासून दोन्ही दोन-दोन वर्षांचे झाले. म्हणजे पदवीनंतर चार वर्षं आणि वर विषयाचं मास्टर्स दोन, सहा वर्षं, आणि मग नेट. एवढ्यात माणूस दुसरा धंदा उभा करतो.

आणि आता परत एक वर्षाचं करायची हवा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत एनसीटीईने नवा मसुदा काढला त्यात एक वर्षाचं एम.एड. आहे, आणि नोकरीवाल्यांसाठी पार्ट-टाइम दोन वर्षांचं पण. तुझ्यासारखीला पार्ट-टाइम सोन्यासारखं आहे. म्हणून मी म्हणतो घाई करू नकोस. आधी गणिताचं मास्टर्स कर, शाळा न सोडता, दूरस्थ. तोवर चित्र साफ होईल आणि तेव्हा ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीचं माहितीपत्रक हातात घेऊन बघ. मसुद्याच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा मात्र कोणी देऊ नये.

डिसर्टेशन_झालं_एकदाचं

काका पगाराचं अगदी खरं. पण "सुटायचंय" म्हणून गेली तरी काय बिघडलं हो, मी पण सुटायलाच गेले होते आणि फील्ड अटॅचमेंटला डाएटमध्ये (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत) जाऊन नवीन शिक्षकांचे पाठ बघताना मला कळलं की हे काम आवडतंय. आधी आवड आणि मग ॲडमिशन असं प्रत्येकाचं नसतं.

मेघना_सुदामानगर

काका, खरं सांगू, थोडं सुटायचं पण आहे आणि थोडं आवडतं पण. नवीन टीचर येतात शाळेत, त्यांना अपूर्णांक शिकवायला मीच बसवते जवळ, ते मला वर्गापेक्षा जास्त आवडतं. पण एका वेळी सहा वर्षांचा विचार झेपत नाही.

तर सध्या असं वाटतंय की शाळा सोडायची नाही, गणिताच्या मास्टर्सला दूरस्थ ॲडमिशन घ्यायची, ५५ च्या वर काढायचं (बी.एस्सी.चे ५१ आठवले की हात थरथरतात), आणि एम.एड. चं नंतर, पार्ट-टाइम खरंच आलं तर ते, नाहीतर नोकरी सोडून रेग्युलर. नणंदेला अजून सांगितलं नाही की ती अर्धी बरोबर होती, सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागेल. त्या फोनवाल्या भाऊंचा नंबर ब्लॉक केला, संध्याकाळी दुसऱ्या नंबरवरून आला.

अपूर्वा_लोकमान्यनगर

मधेच विचारते, सॉरी. माझं एम.ए. मराठी ५८ टक्के आहे पण बी.एड. ला ५४.७. मग मी एम.ए. एज्युकेशन करून त्या फाउंडेशनच्या जागेला जाऊ शकते का? ५४.७ म्हणजे ५५ च झाले ना?

फळा_खडू

नाही झाले. ५४.७ म्हणजे ५४.७. नेटच्या माहितीपत्रकात पण राउंड-ऑफ करू नये असं सरळ लिहिलेलं असतं, आणि भरतीत तर दशांशावर लोक कोर्टात जातात. एम.ए. एज्युकेशनच्या रस्त्यात बी.एड. ५५ लागतं, तो तुम्हाला बंद. पण तुमचा दुसरा रस्ता चांगला आहे: एम.ए. मराठी ५८ आहे, एम.एड. ला ॲडमिशन बी.एड. च्या ५० वर मिळते, एम.एड. ५५ च्या वर काढा, भाषेच्या पेडॅगॉजीला पात्र. त्यात बी.एड. चे टक्के मोजत नाहीत. फक्त मराठी पेडॅगॉजी इंदूरमध्ये किती कॉलेजांत शिकवतात ते आधी फिरून बघा, हाताची बोटं पुरतील. बऱ्हाणपूर साइडला पण विचारा.